धरणाचा सांडवा

आषाढ सरत आलेला असतो. दाजीपूरच्या दाट रानावर ढग टेकलेले असतात आणि राधानगरीच्या परिसरात पावसाला खळ नसतो. डोंगरउतारावरचा प्रत्येक ओहोळ तुडुंब वाहतो. लहानमोठे ओढे एकमेकांना मिळत भोगावती नदीच्या खोऱ्यात उतरतात. फेजिवडे गावापाशी या नदीच्या वाटेत एक भक्कम दगडी भिंत आडवी उभी आहे. तेच राधानगरीचे धरण. भिंतीमागे साठलेल्या विस्तीर्ण जलाशयास ‘लक्ष्मी तलाव’ असे नाव आहे.

दिवसामागून दिवस तलावाची पातळी चढत जाते. उन्हाळ्यात उघडे पडलेले खडक दिसेनासे होतात, काठाची झाडे पाण्यात उभी राहतात. अखेर तलाव काठोकाठ भरतो. अशा एखाद्या दिवशी किंवा अपरात्रीही धरणाच्या सात दरवाजांपैकी एक दरवाजा हलतो. तो उघडण्यासाठी कोणी चाक फिरवलेले नसते. त्याला यंत्राची वा विजेची मदत लागलेली नसते. दरवाजा आपला आपण उघडतो आणि पाण्याचा फेसाळ लोट मोठ्या गर्जनेसह बाहेर झेपावतो.

ही वार्ता कोल्हापूर जिल्ह्यात वाऱ्यासारखी पसरते. ती ऐकून माणसांच्या मनात एकाच वेळी दोन भावना उभ्या राहतात. तलाव भरला, आता वर्षाची चिंता मिटली, हा पहिला आनंद. नदी आता आणखी चढेल, गोठ्यातली जनावरे आणि घरातले धान्य उंचावर हलवावे लागेल काय, ही दुसरी काळजी. आनंद आणि काळजी या दोहोंच्या मधोमध जी रचना उभी असते, तिचे नाव सांडवा.

राधानगरीचे धरण सहजासहजी उभे राहिलेले नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १८९४ साली कोल्हापूर संस्थानचा कारभार हाती घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, दुष्काळ पडला. पाऊस चुकला की शेतकरी किती असहाय होतो, हे महाराजांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या मुलखात पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात, त्याच मुलखात उन्हाळ्यात पाण्यासाठी रान वणवण फिरावे लागते, हा विरोध त्यांना खटकला. १९०२ साली त्यांनी संस्थानासाठी पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर केले. पुढे १९०७ च्या सुमारास भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचा संकल्प झाला. धरणाजवळ वसवलेल्या गावास महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्या नावावरून ‘राधानगरी’ हे नाव मिळाले आणि तलावास महाराणी लक्ष्मीबाई यांचे.

काम मोठे होते आणि संस्थान लहान. भिंत काही उंचीपर्यंत आली आणि काम थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले, तेव्हा धरण अपुरेच होते. पुढच्या काळात ते टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास पोहोचले. संकल्प एका पिढीने केला, त्याची पूर्तता दुसऱ्या पिढीने पाहिली. आज ही भिंत सुमारे ४२ मीटर उंच आणि एक किलोमीटरहून अधिक लांब आहे. तिच्यामागे सुमारे ८.३६ अब्ज घनफूट पाणी साठते. एक अब्ज घनफूट पाण्यास व्यवहारात एक ‘टीएमसी’ म्हणतात.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. ज्या पाण्यासाठी पन्नास वर्षे खटाटोप केला, ते पाणी तलाव भरताच सोडून का द्यावे? भिंत आणखी दोन हात उंच करून तेही का अडवू नये?

याचे उत्तर समजण्यासाठी भाताच्या खाचराकडे पाहावे. खाचरात पाणी साठावे म्हणून शेतकरी चारही बाजूंनी मातीचा बांध घालतो. पण जाणता शेतकरी तेवढ्यावर थांबत नाही. बांधाच्या एका कडेला तो थोडी खोलगट जागा ठेवतो आणि तिथे दगड बसवतो. पाऊस जास्त झाला, की वरचे पाणी त्या जागेतून निमूटपणे बाहेर पडते. अशी जागा ठेवली नाही, तर पाणी स्वतःची वाट स्वतःच शोधते. बांध जिथे कच्चा असेल तिथून ते उलटते, माती धुऊन नेते आणि पाहता पाहता बांधाला भगदाड पडते. मग जास्तीचे पाणी तर जातेच, पण साठलेलेही जाते आणि बांधही जातो.

खाचराच्या बांधाला जो नियम लागू आहे, तोच मोठ्या धरणालाही लागू आहे. भिंत कितीही उंच केली, तरी तिच्याहून मोठा पाऊस एखाद्या वर्षी पडणारच. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागले, की आधी उतारावर लहान ओघळ पडतो. ओघळाची घळ होते. घळ रुंदावत जाते आणि काही तासांत सारे धरण वाहून जाऊ शकते. दगडी धरण मातीसारखे लगेच विरघळत नाही. तथापि उंचावरून कोसळणारे पाणी त्याच्या पायथ्याचा खडक उकरू लागते, आणि वाढलेल्या पाण्याचा दाब भिंतीला पुढे रेटू लागतो. म्हणून धरण बांधणारा स्थापत्यतज्ज्ञ एकाच वेळी दोन गोष्टींचा विचार करतो: पाणी कुठे अडवायचे आणि न पेलणारे पाणी कोणत्या वाटेने जाऊ द्यायचे. ही दुसरी, आधीपासून ठरवलेली आणि पक्की बांधलेली वाट म्हणजेच सांडवा.

सांडव्याचे तीन मुख्य भाग असतात: माथा, उतार आणि पायथा.

माथा हा सांडव्याचा उंबरठा होय. तो धरणाच्या माथ्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेला असतो. तलावाची पातळी या उंबरठ्यापर्यंत आली, की पाणी सांडव्यावरून जाऊ लागते. धरणाच्या माथ्यापर्यंत ते पोहोचत नाही. पुराच्या वेळीही तलावाची पातळी आणि धरणाचा माथा यांच्यामध्ये काही उंची मोकळी राहिली पाहिजे, अशी योजना असते. वारा सुटला म्हणजे मोठ्या तलावात लाटा उठतात. त्या लाटा धरणावरून उलटू नयेत, हा या मोकळ्या उंचीचा हेतू.

उंबरठ्यावरून किती पाणी जाईल, हे त्याची लांबी आणि त्यावरील पाण्याची उंची यांवर अवलंबून असते. लांबी दुप्पट केली, तर पाणीही दुप्पट जाते. पण उंबरठ्यावरच्या पाण्याची उंची दुप्पट झाली, तर पाणी दुप्पट न होता पावणेतीनपटींहून थोडे अधिक होते. कारण उंची वाढली, की पाण्याचा थरही जाड होतो आणि त्याचा वेगही वाढतो. पूर येतो तेव्हा सांडव्याचे रूप काही तासांत का पालटते, हे यावरून ध्यानात येईल. सकाळी पातळ पडद्यासारखे घरंगळणारे पाणी सायंकाळी गर्जना करू लागते.

दुसरा भाग उतार. दगडी धरणात सांडवा बहुधा भिंतीच्याच एका भागात ठेवतात आणि पाणी भिंतीच्या उतरत्या पाठीवरून खाली येते. मातीच्या धरणावरून पाणी जाऊ देणे धोक्याचे. म्हणून तिथे धरणाच्या बगलेला, टेकडीच्या कडेने किंवा खिंडीतून, उतरता पाट खोदतात. या पाटाला दगडाचे किंवा काँक्रीटचे अस्तर असते आणि दोन्ही अंगांना भिंती असतात. पाणी या पाटावरून धरणाला वळसा घालून खाली नदीच्या पात्रात जाते. गावोगावच्या लहान तलावांनाही बगलेला असाच सांडवा आढळतो. कोल्हापूर शहराजवळचा कळंबा तलाव भरून त्याच्या सांडव्यावरून पाणी पडू लागले, की ते पाहायला नागरिकांची रीघ लागते.

उतार पाहायला साधा दिसतो, पण त्याला फार मोठी परीक्षा द्यावी लागते. २० मीटर उंचीवरून उतरणारे पाणी, वाटेतील घर्षण सोडून दिले तर, पायथ्याशी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने पोहोचते. ताशी हिशेब केला, तर हा वेग ७२ किलोमीटर होतो. इतक्या वेगाच्या पाण्याला एखादी बारीक भेग सापडली, तरी ते तिच्यात घुसते आणि आतून दाब देऊन काँक्रीटची जाड लादी वर उचलू लागते. यासाठी उताराचे काम गुळगुळीत आणि सांधे घट्ट असावे लागतात. लाद्या खालच्या खडकाला पोलादी गजांनी जखडतात. लाद्यांखाली पाझरलेले पाणी निघून जावे म्हणून बारीक नाल्या ठेवतात.

ही काळजी वाया जात नाही, हे जगाने अलीकडेच पाहिले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ओरोव्हिल नावाचे धरण आहे. ते त्या देशातील सर्वांत उंच धरण. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला आणि सांडव्यातून पाणी सोडण्यात आले. उताराच्या मध्यावर काँक्रीटच्या लाद्या उखडल्या आणि पाण्याने खालची जमीन कोरून भला मोठा खड्डा पाडला. पाणी कमी सोडावे, तर तलाव चढू लागला. शेवटी ते संकटकाळासाठी राखलेल्या दुसऱ्या सांडव्यावरून वाहू लागले आणि तेथील उघडी टेकडी खचू लागली. सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना घाईघाईने घरे सोडावी लागली. धरणाची मुख्य भिंत शेवटपर्यंत शाबूत राहिली. कच्ची ठरली ती पाण्याची वाट. भिंत कितीही मजबूत असली, तरी सांडवा दुबळा असेल तर धरण सुरक्षित नसते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

तिसरा भाग पायथा. उतारावरून आलेले पाणी तसेच नदीत सोडले, तर ते पात्र आणि काठ दोन्ही खणून काढील. यास्तव पायथ्याशी त्याचा जोर मोडावा लागतो. कुठे पायथ्याला खोल कुंड बांधतात. वेगाने आलेले पाणी तिथल्या संथ पाण्यावर आदळते, उसळते, स्वतःभोवती घुसळते आणि शांत होऊन पुढे जाते. कुठे उताराचे टोक ओंजळीसारखे वर वळवलेले असते. तिथे पाणी कारंज्यासारखे हवेत उडते आणि धरणापासून दूर, टणक खडकावर पडते. पांढरा फेस आणि तुषारांचे धुके पाहून प्रेक्षक हरखून जातात. पाण्याची शक्ती तिथेच, त्या फेसात, जिरत असते.

आता दरवाजांचा विचार करू. उघड्या सांडव्याची एक अडचण आहे. त्याचा उंबरठा जेवढा उंच, तेवढेच पाणी तलावात राहते. उंबरठा वर उचलावा, तर पुराच्या वेळी पाणी धरणाच्या माथ्याला भिडण्याचे भय. ही अडचण दरवाजांनी सुटते. एरवी दरवाजे बंद राहतात आणि उंबरठ्यावर आणखी पाणी साठते. पूर आला, की दरवाजे उघडून सारी वाट मोकळी करता येते. साताऱ्यातील कोयना धरणाला असे सहा वक्राकार दरवाजे आहेत. ते यंत्राने हवे तेव्हा आणि हवे तितके उचलता येतात.

पण पूर काही माणसाची सोय पाहून येत नाही. मुसळधार पावसात, मध्यरात्री, रस्ते बंद झाले असता दरवाजे कोणी उघडायचे? या प्रश्नावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या थोर स्थापत्यतज्ज्ञांनी महाराष्ट्रातच उत्तर शोधले. ते त्या वेळी मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. १९०३ साली पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांच्या योजनेचे स्वयंचलित दरवाजे बसवण्यात आले. पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली, की ते आपोआप उघडत आणि खाली आली, की आपोआप मिटत. त्यामुळे धरण न वाढवता तलावात अधिक पाणी साठवता आले.

राधानगरीचे सात दरवाजेही स्वयंचलित आहेत. त्यामागचे तत्त्व वाण्याच्या तराजूचेच. तराजूच्या एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात माप असते. माल मापाहून भारी झाला, की तेवढ्याने पारडे झुकते. स्वयंचलित दरवाजाला जड वजनाचा तोल दिलेला असतो. तलाव भरेपर्यंत तोल दरवाजा मिटलेला ठेवतो. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले, की पाण्याचे पारडे जड होते आणि दरवाजा उघडतो. पातळी उतरली, की वजनाचे पारडे जड होते आणि दरवाजा मिटतो. सातही दरवाजे एकदम उघडत नाहीत. पाणी वाढेल तसा एकामागून एक उघडतो आणि ओसरेल तसा एकेक बंद होतो.

एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. सेकंदाला एक घनफूट या मापाला ‘क्युसेक’ म्हणतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. तेव्हा एका दरवाजातून दर सेकंदाला चाळीस हजार लिटरांहून अधिक पाणी जाते आणि त्याचे वजन चाळीस टनांहून अधिक भरते. सातही दरवाजे उघडले, तर हा ओघ ९,९९६, म्हणजे जवळजवळ दहा हजार क्युसेक होतो. तो अखंड चालू राहिला, तर एक टीएमसी पाणी बाहेर पडण्यास सुमारे अठ्ठावीस तास लागतील.

सांडवा किती मोठा ठेवावा, हा स्थापत्यशास्त्रातील अत्यंत जबाबदारीचा प्रश्न आहे. त्यासाठी खोऱ्याचे क्षेत्रफळ, डोंगरांचा उतार आणि पूर्वीच्या अनेक वर्षांचा पाऊस यांचा अभ्यास करून संभाव्य पुराचा अंदाज बांधतात. अंदाज थोडा पडला, तर काय होते? गुजरातमधील मोरबी शहराच्या वर मच्छू नदीवर एक धरण होते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी त्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. ज्या पुरासाठी सांडवा बांधला होता, त्याच्या सुमारे तिप्पट पाणी आले. दरवाजांतून ते मावेना. धरणाच्या दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंतींवरून पाणी उलटले, त्या वाहून गेल्या आणि मोरबी शहरात हाहाकार उडाला. हजारो माणसे प्राणांस मुकली. पुढे ते धरण पुन्हा बांधताना सांडवा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा करण्यात आला.

महाराष्ट्रानेही असा दिवस पाहिला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे काम पुरते संपण्याआधीच त्यात पावसाचे पाणी साठले होते. तो सारा साठा खालच्या खडकवासला धरणावर येऊन आदळला. स्वयंचलित दरवाजे असलेला तेथील सांडवा नदीच्या पुरासाठी होता, अख्खा तलाव पोटात घेण्यासाठी नव्हता. पाणी भिंतीवरून वाहू लागले, काही तासांनी भिंतही फुटली आणि पुणे शहराचा नदीकाठ बुडाला. सांडवा कितीही कुशलतेने बांधलेला असो, त्याला एक मर्यादा असते. ती मर्यादा ओळखणे हाही शास्त्राचाच भाग होय.

सांडव्यातून पाणी सुखरूप खाली उतरले, म्हणजे सर्व काम संपले असे मात्र नाही. ते पाणी पुढे कोणाच्या तरी गावावरून जायचे असते. राधानगरीचे पाणी भोगावतीतून वाहत प्रयाग चिखलीजवळ पंचगंगेला मिळते. कासारी, कुंभी आणि तुळशी या नद्यांचे पाणीही पंचगंगेतच येते. धरणांच्या खाली पडलेला पाऊस तर कोणत्याच भिंतीने अडवलेला नसतो. हे सगळे पाणी कोल्हापुराला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. कृष्णा आधीच फुगलेली असेल, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरत नाही आणि मागे चढू लागते.

कोल्हापुराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची उंची मोजतात. तिथे पाणी ३९ फुटांवर गेले, की इशारा दिला जातो आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी समजली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. चिखली, आंबेवाडीसारखी गावे पाण्याने वेढली. कितीतरी कुटुंबांना होडीतून बाहेर काढावे लागले.

म्हणून पावसाळ्यात पाटबंधारे खात्याचे कर्मचारी अहोरात्र पातळ्या मोजत असतात. पुढे मोठा पाऊस येणार असे दिसले, तर तलावात आधीच थोडी जागा मोकळी ठेवावी लागते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरल्याशिवाय उघडत नाहीत. तेव्हा आगाऊ पाणी सोडायचे झाल्यास ते वीजगृहाच्या आणि भिंतीतील खालच्या वाटेने सोडावे लागते. पाणी लवकर सोडले आणि पुढे पाऊस थांबला, तर तलाव अपुरा राहतो. उशिरा सोडले आणि पाऊस कोसळला, तर खालची गावे बुडतात. दुष्काळ आणि महापूर यांच्यामधला हा निर्णय दरवर्षी नव्याने करावा लागतो.

पाण्याला वाट देण्याची आणखी एक रीत कोल्हापूरने साऱ्या महाराष्ट्राला दिली आहे. ती म्हणजे ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’. यात नदीच्या पात्रात दगडी खांब उभे असतात. खांबांना खाचा असतात. पावसाळा संपला, की या खाचांत फळ्या बसवून पाणी अडवतात. या फळ्यांना ‘बरगे’ म्हणतात. दोन बरग्यांच्या रांगांमध्ये माती ठासली, की बंधारा तयार होतो. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे बरगे काढून घेतात. मग पूर खांबांच्या मधून आणि वरून निघून जातो. पुरासमोर उभे राहायला तिथे फक्त खांब असतात. ज्या ऋतूत पाणी हवे त्या ऋतूत अडवायचे आणि ज्या ऋतूत ते पेलत नाही त्या ऋतूत वाट मोकळी करायची, असा हा सोपा हिशेब आहे.

नदीलाही स्वतःचा असा सांडवा असतो. काठाची सखल रिकामी जमीन हाच तो सांडवा. पूर आला, की पाणी तिथे पसरते आणि त्याचा जोर ओसरतो. अशा जागी भराव घातले आणि घरे बांधली, तर नदीची वाट अरुंद होते. मग ती आपली वाट गावातून काढते. खाचराच्या बांधाची गोष्ट इथे पुन्हा आठवावी.

गणपती जातात, दसरा येतो. पाऊस परततो. राधानगरीचा शेवटचा दरवाजा मिटतो आणि सांडव्याचे दगड उन्हात वाळू लागतात. तलाव मात्र काठोकाठ भरलेला असतो. पुढे मार्च-एप्रिलच्या रखरखीत दिवसांत हेच पाणी थोडेथोडे भोगावतीत सोडतात. ते बंधाऱ्याबंधाऱ्याशी थांबत जाते, काठच्या उसाला आणि भाजीपाल्याला मिळते, गावांच्या नळांना येते. पावसाळ्यातल्या त्या रात्री दरवाजा उघडला नसता, तर हे पाणी उरले नसते आणि ते अडवणारी भिंतही कदाचित उरली नसती. शाहू महाराजांनी पाहिलेले स्वप्न भिंतीने जितके राखले आहे, तितकेच सांडव्यानेही राखले आहे.

स्वाध्याय

१. राधानगरीचा दरवाजा उघडल्याची वार्ता ऐकून लोकांच्या मनात कोणत्या दोन भावना येतात? का?

२. मातीच्या धरणावरून पाणी वाहू देणे धोक्याचे का असते?

३. सांडव्याचे तीन भाग कोणते? प्रत्येकाचे काम दोन-तीन वाक्यांत लिहा.

४. ओरोव्हिल आणि मोरबी येथील घटनांत कोणता फरक आहे?

५. राधानगरीचे तीन दरवाजे उघडे असतील, तर एका मिनिटात किती घनफूट पाणी बाहेर पडेल?

६. आपल्या गावाजवळच्या तलावाचा किंवा बंधाऱ्याचा सांडवा मोठ्या माणसांसमवेत, पाण्यापासून दूर राहून पाहा. पाणी कोणत्या वाटेने जाते आणि शेवटी कोणत्या नदीला मिळते, याचा नकाशा काढा.